भोंग्यावर न घेतलेलं नाव

४ जानेवारी, शनिवार

मेघा, परवाचं माझं बोलणं वहीत उतरवलंस का? नाहीच उतरवलं. पहिलीत असताना तू शाळेत गेलीस आणि दप्तर आपल्या ओट्यावरच राहिलं. वर घरी येऊन मलाच विचारलंस, आजी, माझं दप्तर कोणी चोरलं? आणि आता धुळ्याला दवाखान्यात लोकांची नावं लिहायला बसतेस. देव त्या लोकांचं भलं करो.

ठरलं ते पुन्हा सांगते. रोज संध्याकाळी मी फोनचं बटण दाबून बोलायचं, तू ऐकून वहीत लिहायचं. तारीख तू घाल, मला वार पुरतो. शुद्ध करून लिही, पण माझ्या बोलण्याचं तोंड धुऊन त्याला पावडर लावू नकोस. मला अक्षर येत नाही, तरी कोणी वाचून दाखवलं की माझं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं ते मला बरोबर कळतं.

आजची खबर म्हणजे तुझी आजी ग्रामपंचायतीचा भोंगा झाली. आपला नूर महंमद, पंचायतीचा शिपाई, तोच नळ सोडतो आणि तोच भोंग्यावर पुकारतो. त्याचा घसा बसला तो उठेना. डॉक्टरने महिनाभर तोंड बंद ठेवायला सांगितलंय. त्याची सकीना म्हणते, "अक्का, लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता आहे, डॉक्टरला सांगा दोन महिने करा." मग दिपमाला मॅडम, आपल्या ग्रामसेविका, स्वतः पुकारायला लागल्या. "सदर सूचनेनुसार" म्हटलं की लोक रेडिओ लावतात. आज नळाला पाणी आलं नाही म्हणून मी पंचायतीत भांडायला गेले, तर माईक चालूच होता. माझं भांडण बठ्ठ्या गावाने ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "अक्का, सोमवारपासून तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात लोक."

६ जानेवारी, सोमवार

आज पहिल्यांदा पुकारलं. "ऐका मंडळी. उद्या सकाळी सातला पाणी सुटेल. ज्यांच्या नळाला तोटी नाही त्यांनी बसवून घ्या, नाही तर मी पाहुण्यांना भोंग्यावरून सांगेन की यांच्या दारात बारा महिने पोहायची सोय आहे." संध्याकाळपर्यंत चार तोट्या बसल्या.

दुपारी पोलिओच्या डोसाचं सांगितलं. "अंगणवाडीत डोस बाळाला पाजायचा आहे. बाळाच्या बापाने आपला डोस घेऊन येऊ नये."

लोक हसले. हसले की ऐकतात. ही गोष्ट मॅडमना नोकरीच्या पाच वर्षांत कळली नव्हती.

८ जानेवारी, बुधवार

आजचं काम जबाबदारीचं होतं. घरकुलाच्या यादीत आपल्या गावची नऊ माणसं अशी निघाली की ज्यांची कागदं अर्धवट. घराच्या जागेचा उतारा आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स पुढच्या गुरुवारपर्यंत पंचायतीत द्यायची. नाही दिली तर नाव उतरणार आणि घर यादीतल्या खालच्या माणसाला जाणार. मॅडमनी नावं दोनदा वाचली, मी डोक्यात ठेवली.

नववं नाव निघालं ते थेट तुझ्या आजोबांचं. ते नव्हेत, त्यांना वर कायमचं घरकुल मिळालंय. हा नदीकडच्या आळीतला, प्रमिलाचा नवरा, केळीच्या कटाईला फैजपूरकडे जातो तो. नाव तेच. मी मॅडमना म्हटलं, "हे मी भोंग्यावर घेणार नाही. त्यांच्या जिवंतपणी कधी घेतलं नाही, आता गावभर वाजवू?"

"अक्का, दुसऱ्या माणसाचं नाव आहे."

"अक्षरं तीच ना?"

नूरभाऊ तोंडावर हात ठेवून हसत होता. बाहेर टपरीवर बसलेलेही हसले. मी म्हटलं, "तेवढं एक नाव मी घरी जाऊन सांगते. दोनशे पावलांवर तर राहतात." मॅडमना तालुक्याला मीटिंग होती, त्यांनी वहीत नऊही नावांपुढे पुकारल्याची खूण केली आणि गाडीला किक मारली.

मी आठ नावं पुकारली, प्रत्येकाला एकेक चिमटा काढून. आज उशीर झाला. उद्या सकाळी प्रमिलाकडे जाऊन येते.

९ जानेवारी, गुरुवार

मेघा, तुझी आजी मोबाइलमध्ये आली! टपरीवाल्या भूपेंद्रने काल मी पुकारत होते त्याचा व्हिडिओ काढला. तो पाचोऱ्याला गेला, तिथून सुरतला गेला. सुरतहून तुझ्या मामाचा फोन, "माय, तू तर नटी झालीस." सकाळपासून ओट्यावर माणसं. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात फोन. मला तोच तोच व्हिडिओ दाखवतात आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखं करते. ओट्यावरून हलायला मिळालं नाही.

माझा पदर डोक्यावर नीट नव्हता, तेवढं वाईट वाटलं.

११ जानेवारी, शनिवार

गिरणीवर प्रमिला भेटली. दळणाचा डबा खाली ठेवून सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. म्हणाली, "अक्का, बुधवारी तुम्ही नावं घेत होत्या ना, मी चूल सोडून अंगणात उभी होती. एकेक नाव बोटावर मोजलं. संपलं तवा जीव भांड्यात पडला माय."

मी विचारलं, "तुमच्या आळीपर्यंत आवाज येतो ना नीट?"

"सुद्द ऐकू येस."

बरं वाटलं. नूरभाऊचा आवाज तिकडे पोहोचतच नव्हता, असं ती म्हणाली.

तिची ज्योती वरणगावला दिली आहे. आता सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण सासू म्हणते, तुमच्याकडे डोक्यावर छप्पर आहे का? तिचं खोटं नाही. गेल्या पावसात प्रमिलाची मागची भिंत बसली, तेव्हापासून दोघं नवराबायको ताडपत्रीखाली राहतात. प्रमिला म्हणाली, "आते घर व्हई, पोरले लई येसू." लेकीला घरी आणायची म्हणून चेहरा असा उजळला होता की मीच तिच्या पिठाचा डबा उचलून दिला.

तिला पाहून काहीतरी सांगायचं आहे असं मला वाटत राहिलं. पण गिरणीचा तो आवाज, आणि गिरणीवाला मध्येच, "अक्का, माझीपण जाहिरात करा, बाजरी बारीक दळून मिळेल." त्याला म्हटलं, बारीक दळशील त्या दिवशी करते. तेवढ्यात दळण झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. भोंग्यावर सांगितलं, "गोड बोला असं मी सांगणार नाही, मला स्वतःला जमत नाही. तिळगूळ घ्या आणि घरपट्टी भरा." तिळाचे लाडू कडक झाले. दात सांभाळून खाल्ले.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल मुदत संपली. आठ माणसांनी कागदं दिली. मी मॅडमना म्हटलं, "बघा माझा भोंगा! पुकारले तितके आले." मॅडम म्हणाल्या, "एक राहिला हो अक्का." मी म्हटलं, "कटाईला गेला असेल." त्या बरं म्हणाल्या आणि दुसऱ्या कागदाला लागल्या.

घरी येताना दाढेत काहीतरी अडकलंय असं वाटत राहिलं. तिळाचा कण असेल. दोन तांबे पाणी प्यायले.

२० जानेवारी, सोमवार

आज पंचायतीत गर्दी होती. भिंतीवर नवी यादी लागली, त्यात प्रमिलाच्या नवऱ्याचं नाव नाही. त्याच्या जागी कुंदाबाईचं, ती पांगळ्या लेकाला घेऊन देवळामागे राहते ती. ती पेढे वाटत होती. मी एक खाल्ला.

प्रमिला आली ती धापा टाकत. मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, आमचं नाव पुकारलं नही. मी अंगणात उभी राहून ऐकलं. आठ नावं लिधी. आमचं नव्हतं, म्हणून मी समजली का आमची कागदं पुरी शेतस."

मॅडमनी वही उघडली. "हे पहा ताई, नऊच्या नऊ नावांपुढे खूण आहे."

नूरभाऊ फरशीकडे पाहत होता. टपरीवरची माणसं दारात जमली. कोणीतरी म्हणालं, चुलीजवळ बसून ऐकलं असेल. प्रमिलाने कोणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही सांगा."

मेघा, मी काय बोलले ते जसंच्या तसं लिही. मी म्हटलं, "प्रमिला, कान साफ करत जा वं. माझा आवाज सुरतला गेला आणि तुझ्या घरी जाताना रस्ता चुकला का?"

सगळे हसले. मीही हसले. तिने पदर ओढला आणि गेली.

त्या वेळी मला खरंच वाटलं होतं की पुकारलं असेल. निदान मी तसं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी भाकरी तव्यावर करपली, तिसरीही करपली.

२१ जानेवारी, मंगळवार

आज बोलायचं नाही. घसा ठीक आहे.

२२ जानेवारी, बुधवार

आज मीच तुला फोन केला आणि म्हटलं, यादी पुकारली त्या दिवसाचं वाच. तू वाचलंस. "आज उशीर झाला. उद्या सकाळी प्रमिलाकडे जाऊन येते." मी म्हटलं, परत वाच. तू परत वाचलंस, तेच होतं. मग म्हटलं, पुढच्या दिवसाचं वाच. सुरत, मामा, नटी. मग गिरणी. तिथे तू मध्येच थांबलीस.

मग मी तुझ्यावरच ओरडले. तू हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिलंस, तुला तरी दिसायला नको का, म्हणाले. ते खोडून टाक. नाही, राहू दे. माझी चूक तुझ्या गळ्यात घालायला मला किती वेळ लागतो तेही वहीत असू दे.

माझ्या पाया पडली ती, मेघा. गिरणीत, पिठात. आपलं नाव आलं नाही म्हणून सुटलो, असं समजून पडली. आणि मी विचारलं, आवाज येतो का.

आणखी एक लिही. तुझ्या आजोबांचं नाव मी घेत नाही हे खोटं आहे. पेन्शनच्या वेळी पाचोऱ्याला बँकेत काचेआडच्या पोरीने विचारलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, ऐकू गेलं नाही तर परत सांगितलं. तू शेजारीच होतीस. मतदार यादीवाला आला त्याला सांगितलं. फायदा होता तिथे नाव तोंडातून सुटलं. भोंग्यावर नाही घेतलं, कारण टपरीवरची माणसं हसत होती आणि मला ती हसायला हवी होती.

माझं तोंड कुठे ठेवू ते मला कळत नाही. आरशावर फडकं टाकलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज मॅडमकडे गेले, दार लावून घेतलं, झालं ते सांगितलं, रविवारच्या ग्रामसभेत बोलते म्हटलं. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "अक्का, मला आठवतंय हो. पण मी वहीत नऊ लिहिलंय. चौकशी लागली तर आधी मी जाईन." त्यांचं पोर अजून अंगणवाडीत जातं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाल्या, "पुढच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर घालू. माझा शब्द. सभेत बोलून काय मिळणार? कुंदाबाईचं घर काढून घेणार का?"

मेघा, मला ते पटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. मी चहा प्यायले.

बाहेर नूरभाऊ नळाची चावी पुसत बसला होता. त्याचा घसा आता थोडा उघडलाय. म्हणाला, "अक्का, मी माईकच्या बाजूलाच उभा होतो. कोणी विचारलं तर आठच सांगेन, खोटं माझ्याने होणार नाही." चावी बाजूला ठेवून म्हणाला, "पण कोणी विचारलं नाही तर माझंही तोंड उघडत नाही. घसा त्या दिवशी बसलेला होता, आज नाही. सकीना दोन दिवस झाले माझ्याशी बोलत नाही."

"का रे?"

"तिला सांगितलं ना मी, आठ होती म्हणून."

तिथे मला चहा कडू लागायला लागला. प्यायलेला चहा मागून कडू लागतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा झाला, मुलांना बुंदी वाटली, मग ग्रामसभा. बाया नेहमीप्रमाणे मागे. प्रमिला नवऱ्याबरोबर दाराजवळ बसली होती. तो कटाई सोडून आला होता. मी मॅडमना आधी सांगितलं की मी बोलणार आहे. त्यांनी मान खाली घातली, अडवलं नाही.

मी माईकजवळ गेले आणि तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागले. काहीच बोलले नव्हते मी. मी म्हटलं, "हसू नका." तर आणखी हसले. भूपेंद्रने फोन वर धरला. मी माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला, तर लोकांना वाटलं की मी पुढाऱ्याची नक्कल करते आहे.

मग मी सरळ बोलले. "त्या बुधवारी यादीत नऊ नावं होती. मी आठ घेतली. नववं झुलाल. झुलाल, प्रमिलाचा घरवाला. ते घरी जाऊन सांगते म्हणाले आणि गेले नाही. सोमवारी ती विचारायला आली तेव्हा तुमच्यासमोर मी तिलाच बहिरी ठरवलं. ती बरोबर ऐकत होती."

शेजारच्या म्हातारीने "अय्या माय" म्हणून तोंडाला पदर लावला. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून. बाकी काही तिच्या कानावर गेलंच नसावं. भूपेंद्रने फोन खाली केला.

दिपमाला मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खूण मी केली. खात्री न करता केली." सरपंचांनी विचारलं तेव्हा नूरभाऊ म्हणाला, "आठच."

मग गोंधळ झाला. कोणी म्हणे कुंदाबाईचं नाव काढा आणि यांचं परत घाला. कुंदाबाई तिथेच रडायला लागली. तेव्हा प्रमिला बोलली, बसूनच. "तिन्हं नाव काढू नका. तिन्हं पोरगं पांगळं शे." तिचा नवरा तिच्याकडे पाहत राहिला. शेवटी ठराव झाला, एक घर जादा द्या म्हणून तालुक्याला लिहायचं. वरून काय येईल आणि कधी येईल ते वरचे जाणोत. या पावसाळ्याआधी नाही, एवढं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

सभा सुटल्यावर मी दाराशी थांबले. प्रमिलाचे पाय धरायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. "मन्हा कान साफ शेतस, अक्का," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली.

हे वाक्य तू मोठ्या अक्षरात लिही. मला वाचता येत नाही, तरी लिही.

३० जानेवारी, गुरुवार

भोंगा सोडला. नूरभाऊ पुन्हा पुकारतो, पत्रा घासल्यासारखा. लोक म्हणतात, अक्का, मजा गेली. मी म्हणते, पाणी किती वाजता येणार ते कळलं ना? कळलं. मग झालं.

आज नदीकडच्या आळीत गेले. दोनशे नाही, एकशे सत्तर पावलं आहेत. आज मोजली. ताडपत्रीला मधून भोक पडलंय, तिथे साडीचं ठिगळ. प्रमिलाने बसा म्हटलं नाही, मी दगडावर बसले. म्हटलं, "माझ्या घराची मधली खोली पक्की आहे. वर स्लॅब, आत पलंग, न्हाणी शेजारी. ज्योतीचं बाळंतपण तिथे करू. तुमच्यावर उपकार म्हणून नाही."

प्रमिला कापसाच्या काड्या मोडत राहिली. तिचा नवरा म्हणाला, "अक्का, पोरले विचारतो."

मी उठले. चहाचं विचारलं नाही तिने, आणि मला ते बरोबर वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निरोप आला. सकीना घेऊन आली, प्रमिला नाही. ज्योती आठवा लागला की येणार. वरणगावच्या सासूने विचारलं, घर कोणाचं? प्रमिलाने सांगितलं, माझ्या आत्याचं. मी तिची कोणीच लागत नाही, मेघा. पोरीसाठी तिने मला नातं लावलं, आणि ते कसं लावलं असेल ते मला इथे बसून ऐकू आलं.

सकीनाने पुढचंही सांगितलं. प्रमिला रोज येईल, लेकीला न्हाऊ घालेल, शेक देईल, स्वयंपाक स्वतः करेल. माझ्याकडचं पाणीसुद्धा घेणार नाही. सकीना म्हणाली, "अक्का, वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, "मला दुसरं काय वाटून घ्यायचं राहिलंय?" ती हसली नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

आज मधली खोली सारवल्यासारखी पुसली. तुझ्या आजोबांचा फोटो तिथून काढून माझ्या खोलीत लावला. बाळंतिणीला भिंतीवरून कोणी पाहायला नको.

आता तू काय करायचं ते ऐक. धुळ्याच्या बाजारातून डिंक घे, मोठ्या खड्याचा, पिवळा. खारीक बिया काढलेली, अहळीव, सुकं खोबरं आणि सुंठ जरा जास्त. एसटीच्या वाहकाकडे देऊन पाठव. तयार लाडू पाठवू नकोस, ते प्रमिला तिच्या हाताने वळणार आहे. आणि गूळ पाठवू नकोस. "बाकी सामान चालेल, गूळ आमचा लागेल," असं तिने सकीनाजवळ सांगून ठेवलंय, आणि मी हो म्हटलंय.